सात आयर्नचे दांडे आणि माझी अखेरची इच्छा

मी, खाली सही करणारा, वय वर्षे सहासष्ट, व्यवसाय गोल्फच्या काठ्या बांधणे व दुरुस्त करणे, हे मृत्युपत्र माझ्या कार्यशाळेतल्या टेबलाशी बसून स्वतःच्या हस्ताक्षरात लिहीत आहे. मला कोणी धाक दाखवलेला नाही की भरीस घातलेले नाही. माझी बुद्धी शाबूत आहे. डोके मात्र सणकलेले आहे, पण वकीलबाई म्हणतात त्याने कायद्याला बाधा येत नाही. येत्या गुरुवारी माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचे काही कारण नाही, आणि त्याच दमात विचारले, कागदपत्रे केली आहेत ना? म्हणून हा उद्योग. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच तर ते रद्द समजावे.

एक. राहते घर, आतल्या सामानासह, माझ्या पत्नीला. स्वयंपाकघराच्या खिडकीची कडी मी बावीस वर्षे "उद्या लावतो" म्हणत आलो. ती न लावलेल्या अवस्थेतच तिच्या नावे होत आहे. याबद्दल तिला मला काही बोलायचे असेल तर गुरुवारच्या आत बोलून घ्यावे.

दोन. बँकेत जी काही शिल्लक असेल ती पत्नीला, तिच्या पश्चात मुलीला. यावर अधिक लिहिण्यासारखे काही नाही.

तीन. कार्यशाळा व सर्व अवजारे मुलीला. ती मोजमापाची उपकरणे बनवणाऱ्या कारखान्यात आहे, तेव्हा कशाला काय म्हणतात हे तिला सांगायला नको. शिकंजा, गरम हवेची बंदूक, दांडे सरळ ओढून काढायचा सांगाडा आणि कंपने मोजायचे यंत्र. यंत्रात दांड्याचे मुठीकडचे टोक आवळून दुसरे टोक झटकले, की मिनिटाला किती हेलकावे होतात ते समजते. जास्त म्हणजे दांडा कडक, कमी म्हणजे नरम. यंत्र खोटे सांगत नाही. खोटे सांगतो तो दांड्यावर चिकटवलेला कागद. हे मी खात्रीने लिहितो, कारण एकदा तसा कागद मीच चिकटवला होता.

चार. मैदानाच्या सेक्रेटरी साहेबांनी "परिसर देखणा करण्यासाठी" माझी कार्यशाळा प्रवेशद्वाराजवळून उचलून गवतकापणीच्या यंत्रांमागे टाकली. त्यांच्यासाठी मी काहीही ठेवत नाही. मुद्दाम ठेवत नाही, हे वकीलबाईंनी त्यांना पत्राने कळवावे.

पाच. माझा धाकटा भाऊ. याच्याबद्दल थोडक्यात लिहिता आले असते तर गेल्या अकरा वर्षांत एकदा तरी लिहिले असते.

तो माझ्याहून आठ वर्षांनी लहान. याच मैदानावर लोकांना गोल्फ शिकवतो. त्याच्यासारखा खेळणारा इथे दुसरा झाला नाही, हे मी त्याचा भाऊ म्हणून नव्हे, त्याच्यावर चिडलेला माणूस म्हणून लिहितो आहे. अकरा वर्षांपूर्वी, मैदानाच्या मोठ्या स्पर्धेआधी, तो त्याच्या सात आयर्न, म्हणजे लोखंडी डोक्याच्या काठ्या, घेऊन आला. आतून गंजून दोन दांडे मुडपले होते. सातही बदलायचे होते.

"सगळ्यात कडक आणि सगळ्यात जड बसव," तो म्हणाला.

मी त्याला एकाच डोक्यावर तीन वेगवेगळे दांडे लावून साठ चेंडू मारायला लावले. मध्यम दांड्याने चेंडू दोरीत ओवल्यासारखे सरळ गेले. कडक दांड्याने सगळे उजवीकडे, आणि दहा-बारा पावले अलीकडे पडले. सत्तेचाळिशीत हात तिशीतल्यासारखे फिरत नाहीत, एवढाच त्याचा अर्थ होता.

"वारा होता," तो म्हणाला.

"वारा फक्त कडक दांड्यालाच लागतो काय रे?"

"दादा, माझे विद्यार्थी दांड्यावरचं लेबल वाचतात. उद्या म्हणतील, मास्तरांचे हात गळाले. तू काठ्या जोड, खेळाचं माझ्यावर सोड."

सहा दिवस हेच चालले. सकाळी यायचा, कडक हवा म्हणायचा, मी आकडे दाखवायचो, तो घड्याळ बघायचा. दांडा टोकाकडून कापला तर कडक होतो, मुठीकडून कापला तर नुसता आखूड होतो, हे त्याला ठाऊक. तरी मला म्हणाला, "टोकाकडून जरा जास्तच काप." सातव्या दिवशी माझे डोके फिरले. मी सात मध्यम दांडे घेतले, त्यांवरची अक्षरे झाकली जातील अशी "कडक"ची लेबले वर चिकटवली आणि काठ्या त्याच्या हवाली केल्या.

तो जिंकला. नुसता जिंकला नाही, आयुष्यात खेळला नव्हता तसा खेळला. बक्षीस घेताना सात नंबरची काठी उंच धरून म्हणाला, "माझ्या हाताला कडकच लागतो." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

तिथे माझे तोंड बंद राहिले, ते तसेच राहायला हवे होते. पण आठ महिन्यांनी आईच्या वाढदिवसाला आम्ही सगळे जेवायला बसलो असताना तो माझ्या मुलीला रंगवून सांगू लागला, "तुझा बाप मला म्हाताऱ्यांचे दांडे बसवायला निघाला होता." आणि मी बोलून गेलो, "तेच बसवलेत, मूर्खा. तेच घेऊन जिंकलास."

टेबलावर कोणी घास उचलेना. तो उठला, गाडीतून काठी घेऊन आला, आमच्यासमोर उभा राहून अंगठ्याच्या नखाने लेबल खरवडले. खालची अक्षरे वाचली. मला वाटले ओरडेल. तो ओरडला नाही. म्हणाला, "जिंकलो ते कोण मग? मी का तू?" आणि भावजयीला घेऊन निघून गेला. आईने त्या दिवशी केकला सुरी लावली नाही.

इथे नोंदवून ठेवतो, की दांड्यांबाबत माझे बरोबर होते. आणि हेही नोंदवतो, की त्याच्या प्रश्नाला माझ्याकडे आजतागायत उत्तर नाही. फसवून दिलेली बरोबर वस्तूही शेवटी फसवणूकच असते, हे समजायला मला फार वर्षे लागली. तो समजून घ्यायला आला असता तर कदाचित लवकर समजले असते. पण तो आला नाही आणि मीही गेलो नाही.

सहा. फाटकाजवळ काचेची दर्शनी भिंत असलेले गोल्फ-सामानाचे दुकान चालवणाऱ्याला, त्याने स्वतः बसवलेले सात कडक दांडे. त्या वाढदिवसानंतर माझे दांडे काढून माझ्या भावाने हट्टाने हे त्याच्याकडून बसवून घेतले. या गृहस्थाने एकही चेंडू मारायला न लावता गिऱ्हाईक मागेल ते दिले. सव्वा वर्षात भावाचे कोपर कामातून गेले. शस्त्रक्रिया झाली, खेळ सुटला; आता फक्त खुर्चीवर बसून दुसऱ्यांना शिकवतो. हे दांडे दुकानवाल्याने आपल्या काचेत, लोकांना दिसतील असे ठेवावेत.

सात. त्याच सात आयर्न, नव्या दांड्यांसह, माझ्या धाकट्या भावाला.

या माझ्याकडे कशा आल्या ते सांगणे भाग आहे. गेल्या उन्हाळ्यात भावजय कापडी पिशवीत त्या घेऊन आली. "दादा, डॉक्टरांनी हलकं खेळायला परवानगी दिलीय. पण हे आपल्या काठ्यांना हात लावत नाहीत. तुम्ही यांना न सांगता बसवून द्या."

"न सांगता एकदा बसवले होते. त्याचं काय झालं ते पाहिलंस ना?"

"मग काय करू?"

"त्याला पाठव. दहा चेंडू मारू दे."

तो आला नाही. मी निरोप पाठवले, चार वेळा. तोपर्यंत दुकानवाल्याचे कडक दांडे काढून ठेवले. पण ज्याचा हात बघायचा तो समोर नाही, तर नवे निवडणार कशावरून? या धंद्यात माझ्या वाट्याला आलेले सर्वांत त्रासाचे काम हे. एकशे तीस ग्रॅमचे पोलादी आता शक्यच नव्हते. पंचाण्णवचे पोलादी बसवले, कोपराचा विचार आला, काढले. कार्बनचे साठ ग्रॅमचे बसवले, तर डोके इतके जड वाटू लागले की काठी हातोड्यासारखी. कार्बनचा दांडा पिळून काढता येत नाही, चिरतो. सरळ ओढावा लागतो. दोन चिरलेच. मी मोठ्याने शिव्या घातल्या, मागच्या चढावरच्या आमच्या घरातून पत्नीने स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतली. कडी नसल्यामुळे ती पुन्हा उघडली.

शेवटी मी गवतकापणीच्या यंत्रांआड उभा राहून त्याला शिकवताना पाहू लागलो. सहासष्ट वर्षांचा माणूस, छातीत बिघाड, आणि भावाला चोरून बघतो आहे. तो कधीकधी खुर्चीवरून उठून विद्यार्थ्याची काठी घेऊन अर्धाच झोका दाखवायचा. तीन आठवड्यांत मला कळले, की हात मंद झाला आहे पण मनगट अजून शेवटच्या क्षणाला तसेच सुटते. त्यावरून पंच्याहत्तर ग्रॅमचे, टोकाला जरा भक्कम असे कार्बनचे दांडे घेतले. सातही यंत्रावर मोजले. "नरम" हे लेबल आहे तसे ठेवले, अक्षरे वरच्या बाजूला. आवडले नाही तर त्याने त्या काठ्या नाल्यात टाकाव्यात, पण मारून बघितल्यावर.

आठ. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकीलबाईंनी करावी.

नऊ. वरील मजकूर काल लिहून झाला. आज सह्यांसाठी दोन साक्षीदार बोलावले होते: गवतकापणीच्या यंत्राचा चालक आणि शेजारचा शिंपी. शिंपी तापाने पडला. पत्नीने मला न विचारता माझ्या भावाला फोन केला. तो वीस मिनिटांत आला. दहा वर्षांत न आलेला माणूस!

दारातच म्हणाला, "ऑपरेशन आहे, हे मला तिसऱ्याकडून कळायचं?"

"चार निरोप पाठवले होते."

"ते काठ्यांचे होते."

तो पेन मागू लागला, तेव्हा वकीलबाईंनी त्याला थांबवले. म्हणाल्या, "तुम्हाला यात काही मिळणार असेल तर साक्षीदार होऊ नका. सही केलीत तर कलम सात तुमच्यापुरतं निकामी होईल." त्याने कागद मागून कलम पाच आणि सात वाचले. पाच दोनदा वाचले. भिंतीला टेकलेल्या काठ्यांकडे बघितले.

"खोडा ते सात," तो म्हणाला.

माझा संताप झाला. "तीन महिने घालवलेत मी त्यांवर! दोन दांडे चिरले! खोडा म्हणे!"

"दादा, तू मेल्यावर मिळणारी वस्तू मला नको. द्यायच्या तर आत्ता दे. हातात."

मी सात नंबरची दिली. त्याने आधी लेबल वाचले, मोठ्याने, चालकालाही ऐकू जाईल असे: "नरम." मग मागच्या जाळीत चेंडू मारू लागला. पहिला चुकला. दुसरा वर गेला. चौथ्याला तो आवाज आला, जो चेंडू डोक्याच्या बरोबर मध्यावर बसल्याशिवाय येत नाही.

"फार नरम आहे," तो म्हणाला.

"फार नाही. बरोबर आहे."

त्याने दुसरी काठी उचलली. "दोन नंबरची मूठ जाड वाटतेय."

"या सातांत दोन नंबरची नाहीच, ती तीन नंबरची. तू शिकवतोस तरी काय?"

पुढचा अर्धा तास वकीलबाई घड्याळ बघत होत्या. त्याने माफी मागितली नाही. मी मागितली, लेबलाबद्दल, दांड्यांबद्दल नाही. सातही काठ्या त्याच्या गाडीत गेल्या आहेत. गुरुवारी सकाळी सहा वाजता मला दवाखान्यात तो नेणार आहे, आणि पंधरा मिनिटे उशिरा येईल हे मी आजच सांगून ठेवतो.

कलम सात खोडले आहे. खोडलेल्या मजकुराशेजारी माझी व दोन्ही साक्षीदारांची सही आहे.

वरील सर्व मजकूर मी वाचला, मला समजला व मान्य आहे. आम्ही तिघांनी एकमेकांदेखत सह्या केल्या.

ठिकाण: कार्यशाळा, गवतकापणीच्या यंत्रांमागे
दिनांक: १९ नोव्हेंबर, मंगळवार, दुपारी साडेचार

मृत्युपत्र करणार: (सही)

साक्षीदार पहिला: गवतकापणी यंत्राचा चालक (सही)

साक्षीदार दुसरा: मृत्युपत्र करणाराचा धाकटा भाऊ (सही). यास या मृत्युपत्राअन्वये काहीही मिळत नाही.