घड्याळजीच्या बायकोचं ऑपरेशन

मंगळवार, बहुधा दुपार
(नक्की वेळ लिहिता येत नाही, घरातली सगळी घड्याळं बंद आहेत. कारण पुढे येईल.)

ती. सौ. आक्कास,

तुला साष्टांग नमस्कार लिहिणार होते, पण डॉक्टरीणबाईंनी पालथं पडायला सक्त मनाई केली आहे. तेव्हा उशीला टेकून, अर्धवट बसून केलेला हा नमस्कार गोड मानून घे. तुझे गुडघे कसे आहेत? भावोजींचा खोकला थांबला, की अजून नको तो पाहुणा आला की जोर धरतो? इकडे सगळं ठीक. पिशवी काढून महिना होत आला, टाके सुकले, भूक लागते, सकाळ-संध्याकाळ गल्लीच्या टोकापर्यंत चालून येते. तू फोनवर विचारलंस तेव्हा मी "मजेत" म्हणाले, ते काही खोटं नाही. फक्त एक किरकोळ गोष्ट सांगायची राहिली. मला रडू येतं.

तुला वाटेल, दुखत असेल म्हणून. छे गं! दुखलं असतं तर चारचौघांत सांगता तरी आलं असतं. परवा धुतलेल्या मोज्यांच्या जोड्या लावत होते, तर एक करडा मोजा एकटाच उरला. त्याला मांडीवर घेऊन मी अशी हमसून रडले की शेजारीण हातातलं काम टाकून धावत आली. तिला वाटलं, कोणी गेलं. (मी कसंबसं "मोजा" एवढंच म्हणू शकले. तिने पाणी दिलं, पाठीवर हात फिरवला आणि मागच्या पावली निघून गेली. तेव्हापासून ती माझ्याशी तान्ह्या मुलाशी बोलावं तशी बोलते.) काल टीव्हीवरची बाई म्हणाली, उद्या ढगाळ हवा राहील. झालं, त्यावरही रडले. आणि रडू नसेल तेव्हा संताप! त्यात मधूनच अंगातून अशी वाफ उठते की पंखा लावा म्हणून मीच ओरडते, आणि लावला की कोणी लावला म्हणून मीच भांडते. आमची कन्या जन्मात मला कधी घाबरली नाही. ती आता दारातून आधी नुसतं डोकं आत घालते, अंदाज घेते आणि मग बाकीची येते.

आमच्या ह्यांचं तर तुला माहीतच आहे. तीसेक वर्षं डोळ्याला भिंग लावून घड्याळं दुरुस्त केलेला माणूस, त्याच्या ताब्यात बायको दिली की आणखी काय होणार? ह्यांचं म्हणणं, घड्याळ उघडून पुन्हा बसवलं की थोडे दिवस मागे-पुढे चालायचंच, ते टेबलावर नुसतं राहू द्यावं, सारखा हात लावू नये. म्हणून हे माझ्यापासून चार हात लांब बसतात आणि चोरून बघतात. (हात लावला असता तर बरं वाटलं असतं, पण हे सांगायचं कोणी?) गेल्या आठवड्यात मी किंचाळले की ती टिकटिक माझ्या डोक्यात घण घालते आहे. मला म्हणायचं होतं उशाशी असलेलं एकच घड्याळ. ह्यांनी घरातली झाडून सगळी बंद केली. भिंतीवरची, कपाटातली, गिऱ्हाइकं विसरून गेलेली, शेवटी स्वतःच्या मनगटावरचंही. मोबाइल हे दुकानातच ठेवतात. त्यामुळे दुसऱ्या दिवशी हे अंदाजाने उठून दुकान उघडायला गेले, तर रस्त्यावर झाडूवाल्याखेरीज चिटपाखरू नाही. घड्याळजी दुकानाच्या पायरीवर बसून येणाऱ्या-जाणाऱ्याला वेळ विचारतो, ही बातमी आमच्या बाजारात अजून चघळली जाते आहे. मी पोट धरून हसले, आणि मग अर्थातच रडले.

पण खरा पराक्रम ऑपरेशनच्या दिवशीचा. तो मला कन्येकडून परवा कळला. ह्यांच्या दुकानाचा एक नियम आहे. घड्याळाचा जो भाग बदलला, तो जुना भाग कागदाच्या पुडीत बांधून गिऱ्हाइकाच्या हातात द्यायचा, म्हणजे कोणी म्हणायला नको की चांगला काढून घेतला. तर ऑपरेशन झाल्यावर डॉक्टरीणबाई रीतसर ट्रे घेऊन बाहेर आल्या आणि ह्यांना काढलेली पिशवी दाखवली. हे वाकले, नीट निरखून पाहिलं आणि म्हणाले, "पुडीत बांधून द्या. वस्तू तिची आहे, तिला दाखवायला हवी." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ती तपासणीला जाणार. (तपासणीत काही वाईट निघालं नाही, हे पुन्हा सांगते, नाहीतर तू उगाच धास्ती घेशील.) कन्येला तर धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं होतं.

मी हसले गं, उशी पोटाशी दाबून हसले. आणि मग हसणं कुठल्या कुठे गेलं. कारण आक्का, एवढ्या जणांत मला विचारायला हवं, मला दाखवायला हवं, हे एका ह्यांच्याच डोक्यात आलं. बाकी जो येतो तो म्हणतो, सुटलीस, कटकट गेली. कटकट होतीच की! चार वर्षं गडद रंगाचेच कपडे घातले, खुर्चीतून उठले की आधी मागे वळून बघितलं. काढून टाका म्हणून डॉक्टरीणबाईंच्या मागे मीच लागले होते. मग आता हे रडू कशाचं? पण आमची दोन्ही मुलं तिथेच वाढली. आणि ते तिसरं, जे राहिलं नाही, तेही तिथेच होतं. तुला एकटीला माहीत आहे. ही दोघं मोठी झाली, चार घरं फिरली. त्याचं सगळं घर तेवढंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी आधीच समजावलं होतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढावी लागली, तेव्हा बाईच्या शरीरात जो बदल सावकाश व्हायचा तो एकदम झाला. रडू येईल, राग येईल, ते वेड नव्हे, त्यावर औषध आहे, लपवू नका. मग मागच्या खेपेला त्यांनी विचारलं, कसं वाटतंय? मी काय सांगितलं असेल? मजेत.

असो. पत्र फार लांबलं. तुमच्याकडच्या थोरांना नमस्कार सांग, धाकट्यांचे माझ्या वतीने गालगुच्चे घे.

तुझी धाकटी

ता. क. तू इकडे यायची मुळीच गरज नाही. गुडघे सांभाळ.

ता. क. दुसरा. यायचंच म्हणत असशील तर पुढच्या आठवड्यात ये. मला पुन्हा तपासून घ्यायला जायचं आहे. हे बरोबर असले की ह्यांचा चेहरा बघून माझ्या तोंडून "मजेत"च निघतं. तू शेजारी बस आणि मी तसं म्हणाले की जोरात चिमटा काढ.

ता. क. तिसरा. तुझी पिशवी काढली तेव्हा तू पंधरवड्यात कामाला उभी राहिलीस, डोळ्यांतून टिपूस काढलं नाहीस, असं आई घरोघर सांगायची. खरं होतं का गं ते? तू जन्मात कधी खोटं बोलली नाहीस, हे मला ठाऊक आहे. पण खरंच रडली नसशील, तर आल्यावर माझ्यासाठी एवढं एक खोटं बोल.