रिमोट ताईच्या हातात

७ नोव्हेंबर, शुक्रवार
आज सारखी छपरावरची ताई आठवते आहे. येओंग्दोच्या चढावरचं आमचं जुनं घर. हवा नीट असली की बुसानला समुद्रापलीकडचा जपानी टीव्ही लागायचा. ताई कौलांवर उभी राहून अँटेना फिरवायची, मी खाली पडद्यासमोर. "आलं का गं, ओक्बुन?" पडद्यावर नुसत्या मुंग्या. पण तिची बोटं गारठली असतील म्हणून मी ओरडले, "आलं, आलं! उतर!" ती आली, माझ्या पांघरुणात पाय घालून बसली. मी सांगितलं, जपानमध्ये बर्फ पडतंय. "केवढं गं!" म्हणाली आणि बघत बसली.

म्हणजे मी खोटं बोलले की ताईला पटतं. आता तेच कामाला येणार.

दुपारी तिच्या मुलाचा, ग्यूचॉलचा, सोलहून फोन. ताईचे रिपोर्ट डॉक्टरांनी त्यालाच सांगितले. स्वादुपिंड. वसंतापर्यंत कठीण. ताईला सांगायचं नाही, असं आम्ही ठरवलं. तिच्यासाठी ही ॲसिडिटी. आमच्या घरात असंच करतात. बाबाही शेवटपर्यंत ॲसिडिटीच समजत होते, असं आम्ही समजतो.

९ नोव्हेंबर, रविवार
निश्चय: रडायचं नाही. चेहरा नेहमीसारखा. अभिनयाची मला सवय आहे. कॉन्व्हेंटमध्ये नाताळच्या नाटकात दरवर्षी मी मेंढी असायचे. इतकी शांत मेंढी पाहिली नाही, असं सिस्टर बेनेडिक्टा म्हणाल्या होत्या.

संध्याकाळी चौथ्या मजल्यावरून दुसऱ्यावर, ताईकडे. दोघींचे नवरे गेल्यापासून शनिवार-रविवारचा टीव्ही तिच्याकडेच, आणि भांडणही ठरलेलं. मला आपली कोरियन मालिका हवी, ज्यात सगळे मोकळेपणी रडतात. तिला जपानी सिनेमा, ज्यात कुणीतरी तासभर पर्सिमॉनची फळं सोलतं आणि कुणीच बोलत नाही. मी तो नेहमी पुढे पळवते. आज म्हटलं, "तुला हवं ते लाव," आणि रिमोट तिच्या हातात दिला. ताई बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली. खूश झाली असावी.

१५ नोव्हेंबर, शनिवार
दुपारी घरीच मालिकेचे जुने भाग पाहिले. योगायोग! त्यातही सासूचा आजार सगळे लपवतात. सून न्हाणीघरात जाते, नळ पूर्ण सोडते आणि मग रडते. आवाज बाहेर येत नाही. साधी गोष्ट, मला सुचली नव्हती. संध्याकाळी ताईकडे करून पाहिली. उत्तम जमली. बाहेर आले तर ताईने टीव्हीचा आवाज वाढवला होता. म्हणजे तिला काही ऐकू आलं नाही.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
ताईने माझ्याकडे नळवाला पाठवला. तिने त्याला सांगितलं म्हणे, "माझ्या बहिणीचा नळ सारखा वाहतोय, बघा काही करता येतंय का." त्याने सगळे नळ तपासले. एकही गळत नाही. संशयाचं नाव नाही, फक्त नळाची काळजी.

२३ नोव्हेंबर, रविवार
हिवाळ्याची किमची, म्हणजे कोबीचं तिखट लोणचं घालायचा दिवस. आजवर ताईने मला कोबी खारवण्यापलीकडे काही करू दिलं नाही. "तुझ्या हाताला माप नाही," हे ऐकतच म्हातारी झाले. आज स्वतः स्टुलावर बसली आणि मसाला मला कालवायला लावला. कोळंबीचं खारवण किती, नासपती किती किसायची, पान न् पान कसं माखायचं. दर वेळी चाखून, "अजून. अजून थोडं. हां, हे लक्षात ठेव." अखेर माझ्या हाताची चव तिला पटली. तिने स्वतः दोनच घास खाल्ले. ॲसिडिटीला तिखट चालत नाही, असं मीच सांगितलं होतं.

२ डिसेंबर, मंगळवार
मालिकेची पद्धत बंद. सुपाचं भांडं मांडताना डोळे भरले आणि जवळपास नळ नव्हता. कांदा म्हटलं. सुपात कांदा नव्हता.

आता जपानी पद्धत. रविवारच्या सिनेमात बाप दूर निघालेला असतो, मुलीला ठाऊक असतं, आणि दोघं फक्त हवेबद्दल बोलतात. आज मीही म्हटलं, "वारा सुटलाय." ताई म्हणाली, "सुटलाय." "उद्याही असेल." "असेल." फारच सहज झालं. मग तिने माझा हात हातात घेतला आणि तसाच ठेवला. गार होता म्हणून.

१२ डिसेंबर, शुक्रवार
आनंदाची बातमी. ताईने स्टुडिओत जाऊन पासपोर्टचा फोटो काढला. वसंतात जपान बघू म्हणते. मी लगेच फेरीबोटीची चौकशी केली. डॉक्टर काय, चुकतातही. फोटोसाठी तिने सणासुदीचा रेशमी हान्बोक घातला होता आणि फोटो जरा मोठाच काढलाय, चौकटीत बसेल एवढा. शेजारच्या माक् आजींनी असाच एक आपल्या प्रेतयात्रेसाठी आधीच काढून ठेवला होता. ताईचा पासपोर्टसाठी आहे.

२५ डिसेंबर, गुरुवार. नाताळ
चर्चच्या पायऱ्या ताईला चढवेनात. "बूट चावतायत," म्हणाली. मीही म्हटलं, हल्लीचे बूट असेच. नवे घेऊन देते म्हटलं तर, "आता नवे कशाला?" पहिल्यापासून काटकसरी. दोघी खालीच बाकावर बसलो. गाणी बाहेरही ऐकू येत होती. ग्यूचॉलचा फोन आला. हल्ली रोज येतो. पूर्वी फक्त सणाला यायचा.

४ जानेवारी, रविवार
मालिकेचा शेवटचा भाग. ताईने आपणहून लावला. "बघ नीट, तुझं शिक्षण पूर्ण होऊ दे." मला अर्थ कळला नाही.

शेवटी सासू सुनेला सांगते की तिला पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. सून कोसळते. पार्श्वसंगीत. मी नळाकडे निघाले तर ताईने माझा झगा धरला. "बस खाली. ही बाई तुझ्यापेक्षा बरी, निदान हिला डायलॉग पाठ आहेत." आणि हसली, खोकला येईपर्यंत.

कधी कळलं, विचारलं. म्हणाली, "तू रिमोट दिलास ना, त्याच दिवशी. इतक्या वर्षांत कधी दिला होतास? मग ग्यूचॉल रोज फोन करायला लागला. डॉक्टर कशाला हवा?" मग बोलली का नाहीस? "तू इतकी मन लावून करत होतीस. मेंढीचं काम कधी बघायला मिळालं नव्हतं, मी तापाने पडलेली असायचे दर नाताळला." मी खूप रडले. नळाशिवाय. ती पाठीवर थोपटत होती. बऱ्याच वेळाने म्हणाली, "तेव्हाही मुंग्याच होत्या गं. बर्फ कसलं?"

मग म्हणाली, तुझी ती वही आण आणि लिही, तुझ्या लक्षात राहणार नाही. सांगितलं तसं लिहिते आहे.

किमचीचा फ्रिज ग्यूचॉलच्या बायकोला, पण आतली किमची ओक्बुनने कालवली आहे हे तिला खाऊन झाल्यावर सांगायचं. जपमाळ चर्चमधल्या धाकट्या सिस्टरना. हान्बोक माझ्या अंगावर. फोटो कपाटात वरच्या खणात आहे, तिथून काढायचा. नवे बूट आणलेच असतील तर माक् आजींच्या सुनेला, तिचा पाय माझ्याएवढा आहे. विजेवर तापणारी गादी ओक्बुनला, तिला थंडी सोसत नाही.

रिमोट ओक्बुनला. गप्प बसलेली माणसं पुढे पळवायची नाहीत.