हॉलमधली हवा

३ मार्च

पुन्हा ७.८! हॉलमधल्या माशांच्या टाकीतल्या मीटरचा आकडा फोनवर दिसतो, त्यामुळे अंथरुणातून उठायच्या आधीच डोकं फिरतं. काल संध्याकाळी बफरची पावडर घातली तेव्हा पीएच चांगला ८.२ वर चढला होता. सकाळी जैसे थे. काय म्हणणं काय आहे या पाण्याचं?

दिवसभर लॅबमध्ये लोकांचे दात बनवते मी. केसाएवढी उंची कमी-जास्त झाली तरी बोटाला कळतं. आणि स्वतःच्या घरातल्या टाकीचा एक आकडा जागेवर ठेवता येत नाही! मीठ मोजून, पाणी मुरवून, सगळं स्थिर झाल्यावर पहिलं कोरल आणलं. जांभळं, फांद्याफांद्यांचं. तेव्हा ८.२ असायचा. मग दादा आला.

योगायोग म्हणे. नवरा म्हणतो.

४ मार्च

दादाला विचारलं, टाकीत काही टाकतोस का? नाही म्हणाला. बिस्किटाचा चुरा? नाही. हात घातलास? "नुसता बघत बसतो गं." बघत बसतो! दिवसभर दुसरं करतो काय? छापखाना बंद पडला, खोली गेली, "थोडे दिवस टेकतो" म्हणाला आणि हॉलमध्ये गादी पसरली. त्याला आमच्याशिवाय कुणी नाही, हे मला कुणी सांगायला नको. तरी नवरा सांगतोच.

आणखी दोन चमचे पावडर घातली.

६ मार्च

अल्कलिनिटी बारा!! साडेआठ हवी. चाचणीचे थेंब मोजताना वाटलं मीच चुकले, परत केली. निळ्याचं पिवळं व्हायचं नावच नाही. अल्कलिनिटी म्हणजे पाण्याची आम्ल पचवायची ताकद, असं त्या मासेवाल्याने टाकी विकताना समजावलं होतं. मग एवढी ताकद असून पीएच ७.८ का? पचवतंय काय हे पाणी?

दादा म्हणाला, "राहू दे ना, मासे तर मजेत आहेत." अंगाचा तिळपापड झाला.

८ मार्च

कोरलची टोकं पांढरी पडली. जळाल्यासारखी. रडले. मग रडल्याचाच राग आला.

लॅबमधून मासेवाल्याला फोन केला. तो म्हणाला, तांब्याभर पाणी गच्चीवर न्या, हवेचा पंप लावून तासभर बुडबुडे सोडा, मग मोजा. म्हटलं, हा काय पोरखेळ! पण केलं. ८.२! पावडर नाही, काही नाही, नुसत्या बाहेरच्या हवेने!

म्हणजे पाणी ठीकच आहे. हवा खराब आहे, हॉलची. माणसं सोडतात तो कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो, पाण्यात विरतो, पाणी आंबट होतं. आणि हॉलची खिडकी चोवीस तास बंद कोण ठेवतं? समोरच्या इमारतीत फरश्या कापतात, धूळ येते, त्याला दमा आहे. बरं. आहे दमा. पण घर कुणाचं आहे?

९ मार्च

बोलले. सगळंच बोलले. जेवणं झाल्यावर, नवऱ्यासमोर. खिडकी उघडी राहिली पाहिजे म्हणाले. दादा म्हणाला, एक रात्र ठेवून पाहिली होती, पहाटेपर्यंत बसून काढावी लागली, दम्याचा पंप तोंडातून निघेना. म्हटलं, मला आधी का नाही सांगितलंस? तर म्हणे तू झोपली होतीस.

हे असं गरिबासारखं बोलणं मला सहन होत नाही. लहानपणापासून असाच. स्वतः मुकाट सोसायचं आणि दुसऱ्याला राक्षस ठरवायचं! मी सांगितलं, टाकीतलं सगळं मरतंय, तुझ्या बंद खिडकीमुळे, तुझ्या श्वासामुळे.

तो हसला. "मग काय करू गं, श्वास घेऊ नको?"

"घे की. दुसरीकडे कुठेतरी घे."

नवरा ताट उचलून आत गेला. दादा पाणी प्यायला आणि म्हणाला, बघतो.

१० मार्च

घरात कुणी कुणाशी बोलत नाही. ७.८.

११ मार्च

बाटलीत पाणी भरून मासेवाल्याच्या दुकानात गेले. वाटलं, म्हणेल खिडकी उघडा. तो अल्कलिनिटी मोजून कपाळाला हात लावून बसला. म्हणाला, "पीएचच्या मागे लागायला कुणी सांगितलं होतं तुम्हाला?" माझ्याच तोंडावर! त्याचं म्हणणं, ७.८ ला कोरल मरत नाही, कितीतरी टाक्या वर्षानुवर्षं तेवढ्यावरच चालतात. जपायची असते अल्कलिनिटी. ती साडेआठवरून बारावर धाडकन नेली तुम्ही, त्याने टोकं जळली. हवा कोंडलीय तोवर पावडरीने पीएच दोन-चार तास चढणार आणि परत बसणार, अल्कलिनिटी मात्र साचत जाणार. आता काही घालू नका. हात बांधून बसा.

मग हे त्या दिवशी फोनवर सांगायला काय झालं होतं? बुडबुडे काढायला लावले! भांडले त्याच्याशी. त्याने आधीच विचारलं असतं की पावडर किती घातलीत, तर मी घरी जाऊन नाही नाही ते बोलले नसते. रस्ताभर चरफडत आले.

घरी आले तर दादा कपड्यांच्या घड्या घालत होता, माझ्यासुद्धा. काहीतरी बोलायला हवं होतं. नवरा शेजारीच उभा, माझ्याकडे बघत. त्याच्यासमोर कसलं नाक घासू? उद्या संध्याकाळी दादा एकटा असेल तेव्हा सांगेन. माफी वगैरे नाही. एवढंच सांगेन, की खिडकी बंद असली तरी चालेल.

१२ मार्च

सकाळी फोन पाहिला. ८.२! एवढ्या धुळीत खिडकी उघडी टाकून झोपला हा मूर्ख! झापायलाच धावले.

खिडकी बंद होती. गादी गुंडाळून भिंतीशी उभी केलेली. हॉलमध्ये कुणी नव्हतं.