मलई की कोळसा

रविवार, ७ सप्टेंबर २०२५

तीन तास! दोन शोरूम, तीन तास, चार कप गोडमिट्ट कॉफी. आणि घरी काय आलं? दोन चकचकीत पुस्तिका. गाडी नाही, निर्णय नाही, साधी टोकनची पावतीसुद्धा नाही.

दोन्ही गाड्या इलेक्ट्रिक, दोन्ही ऐसपैस, किमतीत जेमतेम एका फ्रीजचा फरक. मला तर लांबून दोन्ही सारख्याच दिसतात. पण हे सत्यजीतसमोर बोलायची सोय नाही. नवऱ्याने एक्सेलमध्ये तक्ता केलाय — एकेचाळीस ओळी! बॅटरी, रेंज, एअरबॅगा, मागच्या सीटचा कोन. लग्न ठरवताना माझ्याबद्दल या माणसाने चार गोष्टीसुद्धा विचारल्या नव्हत्या.

नावं अनुष्काने ठेवली. एकीच्या सीटा सायीसारख्या पांढऱ्या, म्हणून ती मलई. दुसरीचं आतलं सगळं काळंकुट्ट, म्हणून कोळसा. बाईसाहेबांना अर्थातच मलई हवी. वय पंधरा, त्यामुळे कारण एकच — वर अख्खं काचेचं छप्पर आहे आणि त्यातून फोटो छान येतात.

तेवढ्यात पुण्याहून सासूबाईंचा फोन. "आज ग्रहण, उद्यापासून पितृपक्ष. काही बुकबिक केलं नाहीत ना?" नाही हो आई, तुमचा मुलगा पुढच्या पितृपक्षापर्यंतही करेल असं वाटत नाही! (हे मनात.)

मंगळवार, ९ सप्टेंबर

आईचा फोन आला, मी स्टाफरूममध्ये. बाहेर जिन्यात जाऊन घेतला. गुडघ्याच्या ऑपरेशनची तारीख मिळाली — तेरा ऑक्टोबर, इथे पनवेललाच. आधी आठवडाभर तपासण्या, नंतर महिनाभर आमच्याकडे सुकापूरला, आणि मग तिच्या घरून, करंजाहून, आठवड्यातून दोनदा व्यायामाला यायचं.

"मी येन ना एष्टीनी. तुमी नका तरास घेव," म्हणे. गुडघा असा, की घरच्या दोन पायऱ्या चढताना भिंत धरते. आणि एसटीने येणार!

जुनी गाडी होती तेव्हाही हेच. चार वर्षं झाली, आई आमच्या गाडीत बसलेली नाही. या वहीत हे दहा वेळा तरी लिहिलं असेल, अजून एकदा लिहिते. होळीला तिला करंजाहून घेऊन येत होतो. तिच्या शेजारी मासळीची पाटी, पाटीत बोंबील. जासईजवळ सत्यजीतने कचकन ब्रेक मारला, पाटी कलंडली आणि बोंबलांचं सगळं पाणी सीटवर. सत्यजीत तोंडाने काही बोलला नाही. पण पुढचा अख्खा रविवार सीट धूत बसला — शाम्पू, लिंबू, खायचा सोडा. दुपारी अनुष्काने फोनवर भाबडेपणाने ते सगळं आजीला सांगितलं.

तेव्हापासून आईला 'गाडी लागते'. जन्मभर खाडी ओलांडून रेवसला मासळी विकायला गेली, भरतीच्या वेळी होडी डुचमळायची, तेव्हा काही लागलं नाही. जावयाची गाडी मात्र लागते!

मला एवढंच हवंय. आईने आमच्या गाडीत बसावं. आता मलईच्या पांढऱ्या सीटवर ती बसेल का? नुसतं दार उघडून आत बघितलं तरी मागे सरेल. हे मी सत्यजीतला तोंडाने सांगणार नाही. इतक्या वर्षांनी त्याला आपलं आपण कळायला हवं.

शनिवार, १३ सप्टेंबर

पेट्रोल गाड्यांचा जीएसटी कमी होतोय म्हणून सत्यजीतने आज पेट्रोलसाठी वेगळा तक्ता उघडला. मी लॅपटॉप बंद केला. त्याच्या बोटांसकट.

रविवार, १४ सप्टेंबर

टेस्ट ड्राइव्ह. आधी मलई. सेल्समन वरद नावाचा, कोवळा आणि अखंड बोलणारा. "मॅडम, फील बघा फक्त! प्रीमियम आहे. डाग पडला तरी वाइप केला की गायब."

"बोंबलाचं पाणी पडलं तर?"

तो खो खो हसला. त्याला वाटलं मी विनोद केला. सत्यजीत हसला नाही, माझ्याकडे बघितलंही नाही, स्टिअरिंगवरची बटणं दाबत राहिला. वा! अनुष्का मागे आडवी होऊन छपराचे फोटो काढत होती. मी पुढे बसले. गाडी आवाजच करत नाही, पळस्पे फाट्याच्या गर्दीतसुद्धा आत कसं देवघरासारखं शांत.

मग कोळसा. तिथे सत्यजीतने खिशातून मेजरटेप काढला! पुढचं बॉनेट उघडलं — आत इंजिन नसतंच, छोटी डिकी आहे. ती मोजली. पुन्हा मोजली. मग आत जवळजवळ डोकं घालून तिथल्या माणसाला हळू आवाजात काहीतरी विचारत बसला. तो माणूस गोंधळला, आणखी दोघांना बोलावून आणलं, तिघांनी मिळून वाकून आत बघितलं. मी एसीत बसून जाहिरात बघत होते, तीच, अकरा वेळा. घरी यायला अडीच वाजले. जेवण बाहेरचं, तेही थंड.

बुधवार, १७ सप्टेंबर

चार्जरच्या परवानगीसाठी सोसायटीच्या सेक्रेटरींकडे गेले. ते म्हणाले, "रात्रभर तुमची गाडी करंट खाणार. आमची लिफ्ट बंद पडली तर?" मी म्हटलं, मीटर आमचा वेगळा असणार आहे. "तरी पण करंट तर बिल्डिंगचाच ना!" शाळेत आठवीला विज्ञान शिकवते मी. त्या मुलांची मनापासून माफी मागावीशी वाटली, त्यांना उगाच मठ्ठ म्हणते. शेवटी म्हणाले, अर्ज द्या, बघू.

शुक्रवार, १९ सप्टेंबर

तक्त्यात आता चव्वेचाळीस ओळी आहेत म्हणे. मी विचारलं नाही कसल्या.

रविवार, २१ सप्टेंबर

सकाळी साडेनऊला आई दारात. न कळवता! एसटीने पनवेल, तिथून रिक्षा. पाटी रिक्षावाल्याने वर आणून दिली, आई मागून एकेक पाऊल टाकत. घाम, दम, आणि तोंडभर हसू. कालवं, कोलंबी, दोन पापलेटं. आज सर्वपित्री आहे, सासूबाईंना कळलं तर पुण्याहून आणखी एक फोन येईल. पण सत्यजीत पुण्याच्या अंडंही न शिजणाऱ्या घरातला असूनही कालवं असली की ताट चाटूनपुसून खातो. आजही खाल्लं.

अनुष्काने आजीला पुस्तिका दाखवली. "आजी, ही मलई हाय. भारी हाय नाय?" मी म्हटलं, अनु, नीट बोल. आईने चष्मा लावून बराच वेळ चित्र बघितलं.

"येवऱ्या पांढऱ्या गादीवर मानसानी बसाचा कसा?"

"मग काळी घेऊ का? त्यात बसशील?"

"मना गाडी लागते गो. तुमी घ्या तुमाला आवरेल ती."

झालं! संध्याकाळी तिला स्टँडवर सोडून आले, रिक्षाने, आणि मग सत्यजीतवर फुटले. इतक्या दिवसांचं साठलेलं. तुला मलईच हवी आहे ना? माझ्या आईचा वास तुझ्या सीटला लागायला नको, असं सरळ सांग ना! तो आ वासून बघत राहिला. "मी कधी म्हटलं मलई हवी?" सगळं तोंडानेच म्हणायला लागतं का रे?

त्याने लॅपटॉप माझ्यासमोर सरकवला.

ओळ बेचाळीस: आईंची पाटी — कोळशाच्या पुढच्या डिकीत बसते, मोजली. तळाला पाणी जायला भोक आहे. मलईला पुढे डिकीच नाही.

ओळ त्रेचाळीस: आईंचा गुडघा — चढायची उंची कोळशाची चार बोटं कमी.

ओळ चव्वेचाळीस: सीट — कोळसा, काळी, ओल्या फडक्याने पुसता येते.

माझ्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्याच क्षणी त्याला लॅपटॉप फेकून मारावासा वाटला. अख्खा आठवडा! मग बुक का नाही केलीस, मूर्खा?

"तुला मलई आवडली होती. टेस्ट ड्राइव्ह संपल्यावर तू पाच मिनिटं उतरलीच नाहीस. सीटवरून हात फिरवत बसली होतीस."

होते. आवडली होती, हे खरं आहे. त्याला दिसलं असेल असं वाटलं नव्हतं.

सोमवार, २२ सप्टेंबर

घट बसले. कोळसा बुक केली. अनुष्का जेवली नाही, मग नऊ वाजता दोन मॅगी खाल्ल्या.

शनिवार, २७ सप्टेंबर

कीर्ती शाळेत विचारत होती, एवढी मोठी गाडी घेतली तर पहिली सहल कुठे, महाबळेश्वर का? म्हटलं, माहेरी. "करंजा? तिथे काय बघायला?" मी म्हटलं, समुद्र आहे. विषय संपला.

गुरुवार, २ ऑक्टोबर

गाडी आली! झेंडू, हार, चाकाखाली लिंबू. शोरूमवाल्यांनी पुठ्ठ्याची एक हातभर किल्ली आमच्या हातात देऊन फोटो काढला, केकही कापायला लावला. सत्यजीतने केक कापताना गॅरंटीचे प्रश्न विचारले. त्यांनी बापड्यांनी हसत उत्तरं दिली. सेक्रेटरींनी परवानगी दिलीय, पण अट अशी की गाडी रात्री बाराच्या आत चार्ज करायची, म्हणजे लिफ्टला विश्रांती मिळेल. कोपरापासून नमस्कार!

सत्यजीत नारळ फोडणार होता, मी थांबवलं. नारळ रविवारी करंजाला, आईच्या हातून. सोमवारपासून तपासण्या आहेत, तेव्हा तिला घेऊनच यायचं. आता कुठलं कारण सांगते बघू. सीट काळी, पाटीला वेगळी जागा, चढायला सोपी. जावयाने तिचा गुडघा मोजून गाडी घेतलीय!

शनिवार, ४ ऑक्टोबर

आईला फोन केला. सगळं सांगितलं, तक्त्यातल्या तिन्ही ओळी वाचून दाखवल्या. पाटीची ओळ तिने पुन्हा वाचायला लावली. मग म्हणाली, "गुनाचा हाय जावय माजा. जेवायलाच या." बसणार का, ते काही बोलली नाही. जीव टांगणीला लागलाय.

रविवार, ५ ऑक्टोबर

आईने गाडीला कुंकू लावलं, नारळ फोडला, बॉनेटवरून हात फिरवला. सत्यजीतने दार उघडून धरलं. तिची पिशवी भरलेली, दाराशी तयार. तरी म्हणाली, तुमी जा पुढं, मी चारच्या एष्टीनी येते.

मी तिला ओढून आत स्वयंपाकघरात नेलं. रडू आवरेना. म्हटलं, अजून किती वर्षं त्याला शिक्षा देणार आहेस? त्याने एवढं केलं तरी?

आई म्हणाली, "जावयाचा काय गो? त्यानी तर त्या दिवशी आपल्या हातानी पानी पुसला. काच तू खाली केलीस. आन् पनवेल येईपरत नाकावरची ओढनी काढली नायस."

मला आठवत होतं. चार वर्षं आठवत होतं. इथे एकदाही लिहिलं नाही.