दगडावरचा हात

ता. अर्जुनी मोरगाव
१६ सप्टेंबर २००९

प्रिय अश्विन,

सप्रेम जयभीम. परवापासून तू फोन उचलत नाहीस, म्हणून पोस्टाचा आधार घेतला. प्रियाची तब्येत कशी आहे? बाळ नीट दूध पितं ना? इकडे आईचा गुडघा पुन्हा सुजलाय, पण तांदूळ निवडायला दुसऱ्या कोणाला बसू देत नाही. पाऊस यंदा नावालाच आला.

गावातून तुला जे कळलं ते अर्धंच कळलं. उरलेलं मी सांगते.

धान निसवायला आलं, लोंब्या बाहेर पडायच्या वेळेलाच तलावात थोडंच पाणी उरलं. ते वाटायचं काम मागच्या वर्षी छोटेलालकडे होतं. त्याने तलावाच्या पाळीवरच्या देवाच्या दगडाला हात लावून शपथ घेतली आणि पाणी सोडलं साळ्याच्या शेतातल्या बांध्यांत. म्हणून यंदा सगळ्यांनी बाबांचं नाव घेतलं. पण शपथ घेतल्याशिवाय तलावाचं तोंड उघडायचं नाही, ही गावाची रीत. बाबा म्हणाले, मी दगडाला मानत नाही. त्यावर छोटेलालच बोलला, "याले देवच नाही, तं याले भेव कोनाचा?" बोलणारा कोण, ते बघ.

बाबा म्हणाले, "भेव कायले पायजे? कोनाचं धान सुकलं तं मले दिसत नाही का?"

कोणी ऐकेना. भांडणात दिवस जात राहिले आणि बांध्यांना भेगा पडल्या. शेवटी बाबा पाळीवर गेले आणि त्यांनी दगडावर हात ठेवला. मी तिथेच होते. ते वाकले नाहीत, हात जोडले नाहीत. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मी याले मानत नाही. पानी मी तुमच्यासाठी वाटून राहिलो, याच्यासाठी नाही. सारखं वाटीन."

लोक चुळबुळले. ही कसली शपथ? तेव्हा श्यामलालमामा उठले. त्या दगडाची पूजा त्यांच्याच घराण्याकडे, तुला माहीतच आहे. ते म्हणाले, "देवापुढं खरं बोलला ना? मंग आनखी काय पायजे?" आणि स्वतःच पाणी सोडायला चालू लागले.

पाणी सारखं वाटलं गेलं. छोटेलालच्या बांधीतही गेलं. आपला नंबर बाबांनी सगळ्यात शेवटी ठेवला आणि तिथवर पाणी पुरलं नाही. आई त्यांना खूप बोलली. मीही बोलले. यंदा आपल्या घरी तांदूळ विकतचे येतील.

तू म्हणतोस, बाबांनी धम्म सोडला. खरं सांगू, तो हात दगडावर बघून मलाही ते रुचलं नव्हतं. पण बावीस प्रतिज्ञा तुझ्याकडून कोणी पाठ करून घेतल्या? सायकलच्या दांडीवर बसवून शाळेत नेताना रोज एकेक म्हणवून घ्यायचे ते हेच बाबा. त्यात खोटं बोलणार नाही अशीही एक आहे. ती त्यांनी त्या दगडासमोरही मोडली नाही.

आता लिहायचं टाळत होते ते लिहिते. परवाच्या फोनवर तू म्हणालास, "दगडाला लावलेला हात माझ्या मुलीला लावायचा नाही." फोन माझ्या कानाला होता, पण बाबा शेजारीच जेवायला बसले होते आणि तुझा आवाज काही लहान नाही. त्यांनी ऐकलं. ताटातला भात संपवला.

पुढच्या रविवारी तुझ्याकडे नामकरणाला आमच्याबरोबर तेही येणार आहेत. पांढरा सदरा स्वतः धुतला. काल आईला म्हणत होते, "मी पोरीले हात नाही लावत. दुरून पायतो."

ऐकून मला तुझा फार राग आला, आणि अजून आहे. ते दाराशीच उभे राहतील, आत बोलावलं तरी येणार नाहीत. बाळाला त्यांच्या हातात तूच नेऊन द्यायचं आहेस. मी देणार नाही आणि प्रियालाही देऊ देणार नाही.

त्यांची मुलगी आणि अजून तरी तुझी ताई,
अल्का