द्राक्षबागेतली सायकल

अहो, नमस्कार.

फोनवर तुम्ही 'बरं, बरं' म्हणून ठेवून देता, म्हणून लिहिते. मी ठणठणीत आहे.

काल आपल्या कादंबरीनं आणि जावयांनी मला जर्सी सिटीपासून लांब द्राक्षबागांत नेलं. खडीच्या वाटेनं आठ मैल सायकल चालवली. एकही गाडी आडवी आली नाही. लेक म्हणाली, "आई, साडीवर नको!" ऐकलं नाही. पदर चाकात गेला, पडले. बागवाल्यानं छाटणीच्या कात्रीनं सोडवलं. गुडघा खरचटलाय, बाकी काही नाही. भीती वाटली, तरी उठून उरलेली वाट पुरी केली.

स्टेंट घातल्यावर डॉक्टरांनी तुम्हाला रोज चालायला सांगितलंय. चालताय का? खोटं बोलू नका, वन्संना विचारीन. हे वाचून झालं की चपला घाला आणि मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन या.

तुमचीच,
सुनेत्रा