सोमवारी न बोलणाऱ्या आईला मुकी ठरविल्याबाबत

दिनांक : ५ ऑगस्ट २०२५, मंगळवार

प्रति,
मा. विभागीय व्यवस्थापक,
सुपारीबाग सहकारी बँक मर्यादित,
विभागीय कार्यालय, अलिबाग, जि. रायगड.

अर्जदार : सौ. हेमांगी कान्हा चोगले, रा. आगरदांडा, ता. मुरूड.

विषय : कु. प्राप्ती कान्हा चोगले हिच्या विद्यार्थी खात्यावरील "पालक मूक" हा शेरा काढून खाते १४ ऑगस्टपूर्वी तिच्या आईच्या फोनला जोडून मिळणेबाबत.

संदर्भ : मुरूड शाखेस दिलेले अर्ज, दि. १५, २२ व २९ जुलै. (एकाचेही लेखी उत्तर नाही.)

महोदय,

१. अर्जदाराची मुलगी प्राप्ती हिला कोल्हापूर येथे औषधनिर्माणशास्त्राच्या पदवीला प्रवेश मिळाला आहे. चोगल्यांच्या घरातून शिकायला गाव सोडणारी ही पहिलीच मुलगी. वसतिगृह आणि शिष्यवृत्ती या दोन्हींसाठी तिच्या नावाचे बँक खाते लागते. मुलीला अठरा वर्षे ऑक्टोबरात पुरी होतात, म्हणून पालक हवा. तिचे वडील जहाजावर असतात, ते डिसेंबरात येतील. तेव्हा पालक म्हणून आईच राहिली.

२. बँक कोणती निवडावी यावर घरात आठ दिवस खल झाला. प्राप्तीचे म्हणणे, "आई, फोनवर पाच मिनिटांत खातं उघडतं, कुठं जायला नको." दिरांचे म्हणणे, गावची पतपेढी बरी. पण पतपेढी दिघीच्या पलीकडे कुणाला माहीत नाही आणि फोनवाल्या बँकेला दारच नाही. आपल्या बँकेची एक शाखा मुरुडात आणि एक प्राप्तीच्या कॉलेजच्या रस्त्यावर आहे, याची अर्जदाराने चौकशी करून खात्री केली. शिवाय काचेपलीकडे माणूस बसतो. चूक झाली तर समोर उभे राहून सांगता येईल, असे अर्जदाराने मुलीला समजावले आणि तिचा हट्ट मोडला. त्या समजावण्याची आज अर्जदाराला लाज वाटते.

३. मुरूड शाखेत पाटी आहे : "नवीन खाते व खाते-दुरुस्ती : फक्त सोमवार, ११ ते २." अर्जदाराचा चातुर्मासात सोमवारी सूर्योदयापासून दिवेलागणीपर्यंत मौनाचा नेम असतो. प्राप्ती दीड वर्षाची असताना डांग्या खोकल्याने काळीनिळी पडली होती, तेव्हा धरलेला नेम आहे. सोळा वर्षांत तो मोडलेला नाही. म्हणून सोमवार, १४ जुलै रोजी अर्जदार सर्व मजकूर स्वच्छ अक्षरात लिहून, कागदपत्रे लावून शाखेत गेली. मौन असल्याचेही पहिल्याच ओळीत लिहिले होते.

४. खाते विभागाचे अधिकारी श्री. प्रज्योत सरनोबत यांनी ती ओळ वाचली नाही. त्यांनी तीन प्रश्न विचारले. अर्जदाराने तिन्ही वेळा कागदावर बोट ठेवले. त्यावर साहेब म्हणाले, "अच्छा, बोलता येत नाही होय." मागे रांगेत मासळीवाल्या सोनूबाई होत्या. त्या ओरडल्या, "अरं बाबा, मुकी न्हाय ती, तिचा नेम हाय! काल माझ्याशी बोंबलाचा भाव करीत व्हती!" साहेबांनी विचारले, "तुम्ही नातेवाईक आहात का?" सोनूबाई नाही म्हणाल्या, म्हणजे त्यांची साक्ष संपली.

इतक्यात अर्जदाराचे दीर श्री. धर्मा चोगले, जे बर्फाची गाडी चालवतात आणि वहिनीला शाखेत सोडून बाहेर थांबले होते, ते उशीर का म्हणून आत डोकावले. ते नातेवाईक निघाले. साहेबांनी त्यांनाच खुर्ची दिली, त्यांचा फोन नंबर खात्याला लावला, आणि शेरा मारला : "पालक मूक. व्यवहार काकांमार्फत." धर्मांना वाटले, वहिनीचे काम लवकर होते आहे. दाखवले तिथे त्यांनी सही केली. अर्जदाराने दोन्ही हात हलवून नको नको केले. शाखेच्या नोंदीत ती "संमतीदर्शक खूण" आहे. मग अर्जदाराने चिठ्ठी लिहिली, "हे चूक आहे." साहेब म्हणाले, "ते इथं नाही, रीतसर अर्ज करा."

५. दुसऱ्याच दिवशी, मंगळवारी, अर्जदार रीतसर अर्ज घेऊन गेली आणि स्वतःच्या तोंडाने सगळे बोलली. साहेब म्हणाले, "मोठ्यानं बोला, ऐकू येत नाही." अर्जदाराचा आवाज जन्मापासून लहान आहे. ती पुन्हा बोलली. त्यावर उत्तर मिळाले, "बघा, नीट बोलता येत नाहीच ना? आणि दुरुस्ती सोमवारी असते." पुढच्या सोमवारी अर्जदाराने प्राप्तीला बोलायला नेले. उत्तर मिळाले, अज्ञान मुलीचे म्हणणे ग्राह्य नाही. वर आणखी, "एक सोमवार बोललात तर देव काय पळून जाणार आहे?" महोदय, देव पळणार नाही हे अर्जदारालाही ठाऊक आहे. पण ज्या मुलीसाठी नेम धरला, त्याच मुलीच्या कामाकरिता तो मोडा, असे सांगण्याचा अधिकार बँकेच्या कोणत्या नियमात आहे, ते लेखी कळवावे.

६. त्यानंतर शाखेने बोलता येत असल्याचा वैद्यकीय दाखला मागितला. अर्जदार सरकारी रुग्णालयात गेली. डॉक्टर भले होते. म्हणाले, "बाई, न बोलणाऱ्याचा दाखला आम्ही देतो. बोलणाऱ्याचा नमुनाच आमच्याकडं नाही." तरी त्यांनी केसपेपरवर लिहून दिले, "रुग्ण व्यवस्थित बोलते." शाखेने तो कागद परत केला, कारण त्यावर गोल शिक्का नव्हता. दुसऱ्या बँकेत जावे तर मुलीचे आधार याच खात्याला जोडलेले. ते सोडवायला पालकाची तोंडी संमती लागते, असे शाखेने सांगितले. तोंडी!

७. याचा परिणाम असा. शिष्यवृत्तीच्या फॉर्मवर खाते पडताळायला जो आकडा येतो, तो धर्मांच्या फोनवर येतो आणि दहा मिनिटांत मरतो. पडताळणी फक्त दिवसा चालते आणि दिवसा धर्मा गाडीवर असतात, म्हणून चार वेळा प्रयत्न फसला. चौथ्या वेळी ते कशेडी घाटात होते. रात्री फोनवर म्हणाले, "वहिनी, येक हात चाकावर, येक फोनवर. समोरून टँकर आला. मी गाडी हाकू का आकडं वाचू?" अर्जदाराने त्यांना शपथ घातली आहे की गाडी चालवताना फोन बघायचा नाही. त्यांना दोन लहान मुली आहेत. फॉर्मची शेवटची तारीख १४ ऑगस्ट आहे. त्या दिवसापर्यंत पडताळणी झाली नाही तर शिष्यवृत्ती जाईल, शिष्यवृत्तीबरोबर वसतिगृहाची खाट जाईल, आणि खाट नसेल तर मुलगी आगरदांड्यालाच राहील. प्राप्ती आईला एका शब्दाने बोललेली नाही. बॅग भरून भिंतीशी ठेवली आहे. ती झाडताना रोज बाजूला सरकवावी लागते.

८. मुके असणे हा कमीपणा आहे, म्हणून अर्जदाराची तक्रार नाही. ती खरोखर मुकी असती, तरी आपल्या पोटच्या मुलीचे खाते उघडण्याचा हक्क तिचाच होता. तिने लिहून आणलेला कागद वाचायला साहेबांना एक मिनिट लागले असते. जी बाई बोलत नाही तिचे काही म्हणणेच नसते, असे आपल्या शाखेने ठरवले. राग त्याचा आहे. अर्जदार रोज संध्याकाळी देवापुढे बसून हा राग जावा म्हणून प्रार्थना करते. तो जात नाही.

९. तरी शेरा काढावा, अर्जदाराचा फोन नंबर लावावा, आणि हे काम सोमवारची वाट न पाहता करावे. ११ तारखेपर्यंत तसे न झाल्यास अर्जदार मंगळवार, दि. १२ ऑगस्ट रोजी सकाळी दहा वाजता मुरूड शाखेत उभी राहील आणि बोलता येते याचा पुरावा म्हणून हा अर्ज "प्रति"पासून सहीपर्यंत सर्व ग्राहकांसमोर वाचील. शेवटच्या बाकावरच्या माणसाला ऐकू गेले नाही, तर पुन्हा पहिल्यापासून वाचील. काम होईपर्यंत वाचील. त्या दिवशी अंगारकी आहे. अर्जदाराचा उपास चंद्रोदयाला सुटतो, त्यामुळे तिला मध्ये जेवायला उठायचे नाही.

नम्रपणा अद्याप शिल्लक असलेली,

(सही)
सौ. हेमांगी कान्हा चोगले

सोबत :
१) १४ जुलै रोजी शाखेत नेलेला, न वाचलेला कागद
२) केसपेपरची प्रत (गोल शिक्का नाही)
३) कु. प्राप्तीचे प्रवेशपत्र
४) श्री. धर्मा चोगले यांचे संमती मागे घेतल्याचे पत्र